कंट्रोल कुणाकडे?

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाची भीती फार निवडक असते. उजवीकडे मेट्रोचा खांब, डावीकडे न्हावाशेव्याहून गुजरातकडे निघालेला कंटेनर, समोरून उलट्या बाजूने येणारी रिक्षा आणि चाकाखाली कालच्या पावसाने उघडा पाडलेला खड्डा, एवढं सगळं एकदम अंगावर आलं तरी तो डगमगत नाही. मोबाइल खांद्यात दाबून ‘कोथिंबीर एक जुडी आणू की दोन?’ असं विचारत तो त्यातून निघून जातो. तोच माणूस सोसायटीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अर्धा मिनिट अडकली की रामरक्षा पुटपुटायला लागतो.

माझी भाची याच रस्त्यावर वाढली. कॉलेजात गेल्यापासून ती कासारवडवलीहून मानपाड्यापर्यंत स्कूटर चालवते. डंपर आणि बस यांच्यामध्ये मला जिथे फक्त उजेड दिसतो, तिथे तिला रस्ता दिसतो. एकदा मी तिच्या मागे बसलो होतो. घर आल्यावर ती म्हणाली, ‘‘मामा, पोचलो आपण. खांदा सोड आता.’’ अशी ही मुलगी विमान चालवायला शिकायचं ठरलं आणि धुळ्याला निघायच्या आठवडाभर आधीपासून दोन घास कमी खायला लागली. ताईच्या ते लगेच लक्षात आलं. आयांना पोरांच्या मनातलं कळतं असं म्हणतात. माझ्या मते त्यांना ताटातलं कळतं, बाकीचा हिशेब त्या तिथून लावतात.

विमानाचं हे वेड बाल्कनीतून घरात आलं. ताईचं घर एकोणिसाव्या मजल्यावर. एका बाजूला येऊरचा डोंगर, त्याच्या माथ्यावर हवाई दलाचं ठाणं. दुसऱ्या बाजूला लांबवर मुंबईला उतरायला निघालेल्या विमानांचे दिवे संध्याकाळी एकामागून एक रांगेत दिसतात. खाली गाड्यांचीही रांगच असते, पण ती हलत नाही. लहानपणापासून या दोन रांगा एकाच नजरेत पाहिलेल्या मुलीने कुठली निवडावी, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. पण तिने हे जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं तेव्हा दाजींनी आधी कॅल्क्युलेटर काढला, ताईने देवाकडे पाहिलं आणि दाजींच्या आईंनी शांतपणे विचारलं, ‘‘ते पडलं तर?’’

भाचीने तयारी केली होती. देशातल्या वैमानिकांपैकी सुमारे 15 टक्के बायका आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट, हे तिने सांगितलं. आपल्या सौदामिनी देशमुखांचं नाव घेतलं. 1985 साली इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान कलकत्त्याहून सिलचरला गेलं तेव्हा ते चालवणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या आणि कॅप्टन होत्या देशमुख. मग तिने हुकमाचं पान काढलं : सरला ठकराल. 1936 साल, वय 21, अंगावर साडी आणि जिप्सी मॉथ विमानात एकटी. त्या वेळी तिला चार वर्षांची मुलगी होती, असं भाचीने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

‘‘म्हणजे लग्न आधी झालं होतं,’’ ताई म्हणाली.

वादात पुरावा देताना तो समोरच्याच्या हातात पडल्यावर काय होईल, याचा विचार करायला हवा. दाजींचा आक्षेप वेगळा होता. ते म्हणाले, विमानाचं वेड लागलेली माणसं कुठे जातील सांगता येत नाही. या डोंगराच्या पलीकडेच बघा. ते बोलत होते कॅप्टन अमोल यादव यांच्याबद्दल. कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं आणि 2016 साली ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात नेऊन ठेवलं. ‘‘आणि आपल्याकडे,’’ दाजी कळवळून म्हणाले, ‘‘गच्चीवर कुरडया वाळत घालायच्या तर सेक्रेटरीची परवानगी लागते!’’ इथून चर्चा सेक्रेटरीकडे वळली आणि ठाण्यातल्या कुठल्याही घरात होतं त्याप्रमाणे सगळ्यांचं एकमत झालं. त्या भरात विमानालाही होकार मिळून गेला.

पुढचे काही महिने कागदपत्रांत, डॉक्टरांच्या दारात आणि पुस्तकांत गेले. दहावी पास, वय 16 पूर्ण, ठरावीक डॉक्टरांचं प्रमाणपत्र, मग शिकाऊ परवाना. पुढे पोटापाण्यासाठी विमान चालवायचं तर बारावीला फिजिक्स आणि गणित, किमान 200 तासांचं उड्डाण आणि लेखी परीक्षांत प्रत्येकी 70 टक्के. शंभरापैकी पस्तिसांवर आयुष्य काढलेल्या मामाला ही अट जरा उद्धट वाटली. पण हवामान, दिशा आणि नियम यांपैकी तीस टक्के माहीत नसलेला माणूस आपल्या डोक्यावरून जाणार असेल तर काय, असा विचार करून मी गप्प बसलो.

तिला या सगळ्याची धास्ती नव्हती. तिला धास्ती होती रेडिओची. आपण बटण दाबणार, आजूबाजूचे सगळे ऐकणार आणि आपल्या तोंडून शब्द फुटणार नाही! नव्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जणांना आकाशापेक्षा माइकचीच भीती जास्त असते म्हणे. गणेशोत्सवात सोसायटीच्या मंचावर ज्यांनी ‘हॅलो, माइक टेस्टिंग’च्या पुढे मजल मारलेली नाही, त्यांना हे लगेच पटेल. त्यावर तिने जो उपाय काढला तो फक्त घोडबंदर रोडवरच शक्य होता. वैमानिक अक्षरं सरळ म्हणत नाहीत. ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, आणि आकड्यांतही नऊला ‘नायनर’, तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’. ऐकण्यात घोटाळा होऊ नये म्हणून. माझ्या गाडीत बसली की पुढच्या गाड्यांच्या पाट्या ती खणखणीत आवाजात वाचायची. ‘‘माइक हॉटेल झीरो फोर!’’ हे ठाणेकर. ‘‘माइक हॉटेल झीरो फाइफ!’’ हे कल्याणकर. ‘‘गोल्फ ज्युलिएट...’’ आणि तो ट्रक. पातलीपाड्यापासून कापूरबावडीपर्यंतच्या एका संध्याकाळच्या कोंडीत जेवढा सराव झाला तेवढा कुठल्या वर्गात झाला नसता. शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं, ही आरटीओची माणसं आहेत. त्याने गुपचूप सीटबेल्ट शोधायला सुरुवात केली. रिक्षाला तो नसतो, हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

विमान शिकायला धुळ्यालाच का, असं ताई पुन्हा पुन्हा विचारायची. कल्याणला नाही का कुठे? तसं पाहिलं तर कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी धावपट्टी बांधली होती. युद्ध संपलं, विमानं गेली, जमिनीचा वाद तेवढा राहिला. 2017 च्या जूनमध्ये तो शेतकऱ्यांच्या आंदोलनातून रस्त्यावरही आला. जुहू तर आणखी जवळ आणि इतिहासाने भरलेलं. 1928 साली तिथे बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला, 10 फेब्रुवारी 1929 ला जे. आर. डी. टाटांच्या हाती देशात दिलेला पहिला वैमानिक परवाना पडला, आणि 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन ते पस मॉथ विमानातून जुहूलाच उतरले. पण आता मुंबईच्या आकाशात शिकाऊ माणसाला जागा कुठली? घोडबंदरला जशी एल लावलेली मोटार, तसं ते होईल. म्हणून शिकणं धुळे, शिरपूर, जळगाव, गोंदिया असं जिथे आकाश मोकळं आहे तिथे सरकत गेलं.

तर आम्ही तिला पोचवायला निघालो. मी गाडी चालवत होतो, दाजी शेजारी बसून मला गाडी चालवायला सांगत होते. कसाऱ्याचा घाट, नाशिक, मग चांदवडला ताईने गाडी थांबवून रेणुकादेवीला नारळ फोडला. मालेगाव मागे पडलं, लळिंगचा किल्ला दिसला आणि भाचीचं बोलणं बंद झालं. रात्री जेवायला झणझणीत शेवभाजी होती. तिने नुसत्या शेवया मोजाव्यात तशी शेव बाजूला केली. ताई आवळासुपारी, लिंबाच्या गोळ्या आणि ओवा यांच्या पुड्या तिच्या पिशवीत कोंबत राहिली. विमान लागलं तर यातलं एक तरी लागू पडेल, असा एकंदर हिशेब.

जेवण झाल्यावर आम्ही दोघं बाहेर फिरत होतो. मी माझ्या परीने समजूत काढली. विमानप्रवास रस्त्यापेक्षा सुरक्षित असतो, घाबरायचं काय त्यात, वगैरे.

‘‘मामा, पडायची भीती नाही रे वाटत,’’ ती म्हणाली. ‘‘स्कूटरवरून दोनदा पडलेय मी. आईला माहीत नाही. पण तिथे काही झालं की चूक डंपरची असते, खड्ड्याची असते, मध्ये आलेल्या कुत्र्याची असते. वर कोणीच नाही. जे होईल ते माझ्याकडून होईल.’’

यावर मामाने काय बोलायचं? आम्ही माणसं सगळी खड्ड्यांच्या भरवशावर जगतो. ऑफिसात उशीर झाला तर घोडबंदर, मीटिंग चुकली तर घोडबंदर, लग्नाला अक्षता पडल्यावर पोचलो तरी घोडबंदर. या रस्त्याने आम्हाला मनस्ताप दिला तशी सबबही दिली. समोर काहीच नसलेली जागा किती अवघड, हे मला तोवर सुचलं नव्हतं. मी तिला एक लिंबाची गोळी दिली.

सकाळी सहाला उजाडता उजाडता आम्ही धावपट्टीवर होतो. खानदेशात ऊन तापलं की जमिनीवरून हवेचे लोट वर उठतात आणि छोटं विमान त्यात हिंदकळतं, म्हणून शिकवणी पहाटेची. तिचे प्रशिक्षक, म्हणजे सर, मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी मला पिवळ्या रेषेच्या अलीकडे उभं राहायची परवानगी दिली आणि ताई-दाजींना चहाच्या टपरीकडे पाठवलं. माणसं ओळखणं हाही त्या नोकरीचा भाग असावा.

विमान होतं सेसना 152. दोन माणसांचं, चार सिलिंडरचं, 110 हॉर्सपॉवरचं; माणसं आणि इंधन धरून जास्तीत जास्त 757 किलो. ताईने लांबून पाहून ‘एवढंच?’ असं जे विचारलं ते मला इथपर्यंत ऐकू आलं. भाची हातात एक पुठ्ठ्याची यादी घेऊन विमानाभोवती फिरायला लागली. पंखाखालच्या झडपेतून तिने थोडं पेट्रोल एका पारदर्शक पेल्यात काढलं आणि उजेडात धरलं. विमानाचं पेट्रोल निळसर असतं. त्यात पाणी शिरलं असेल तर तळाशी वेगळा थेंब बसतो. मग पंखाखालच्या एका छोट्या नळीत डोकावून पाहिलं. वेग मोजणारी हवा या नळीतून आत जाते, आणि ती उघडी राहिली तर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. एवढ्या यंत्राला एक माशी खोटं बोलायला लावते, हे मला फार आवडलं.

त्यानंतर तिने जे केलं ते पाहून चहाच्या टपरीवरून ताई उभी राहिली. तिने खिशातून स्वच्छ हातरुमाल काढला, डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला असलेल्या एका भोकावर धरला, त्याला तोंड लावलं आणि हवा ओढली. विमानातून पिपाणीसारखा किरटा आवाज आला. तिने मान डोलावली आणि यादीवर पुढे गेली.

‘‘ती विमान चोखतेय का?’’ ताईने दाजींना विचारलं.

तो विमानाचा भोंगा. अगदी अधिकृत पुस्तकात लिहिलेली तपासणी आहे ही, रुमालासकट. आणि घोडबंदरच्या माणसासाठी यात मोठी गंमत आहे. अशा छोट्या विमानाला दुसरा हॉर्न नसतोच. समोरच्याला बाजूला करायला, सिग्नल सुटायच्या आधी आठवण करून द्यायला, रागाने, आनंदाने, सवयीने वाजवायला काही नाही. असतो तो एकच भोंगा, आणि तो चालवणाऱ्याला उद्देशून वाजतो : बाई, तुझं चुकतंय.

ती यादी मात्र मोठ्याने वाचायची असते, पाठ असली तरी. यामागे एक अपघात आहे. 30 ऑक्टोबर 1935 ला अमेरिकेत बोइंगचं नवंकोरं बॉम्बर विमान चाचणीत उडालं आणि लगेच कोसळलं. चालवणारा मेजर हिल अतिशय अनुभवी होता. जमिनीवर वाऱ्याने शेपटीची पाती हलू नयेत म्हणून लावलेला अडसर काढायचा तेवढा राहून गेला होता. विमान एका माणसाच्या डोक्याला झेपण्यापलीकडचं आहे, असं लोक म्हणायला लागले. तेव्हा वैमानिकांनी आणखी हुशार माणूस शोधला नाही. एक यादी केली. धसका घेतलेल्या मुलीला यासारखा दुसरा आधार नसावा. ‘मी घाबरलेय’ हे वाक्य मनात यायच्या आत ‘दरवाजे, बंद, पट्टे, आवळले, ब्रेक, दाबले’ यांची रांग लागते. भीतीला बसायला खुर्चीच मिळत नाही. आपली ताईही घराबाहेर पडताना गॅस, गिझर, नळ, देवघरातला दिवा असं पुटपुटत चारी खोल्यांत हात लावून येते. फक्त तिची यादी कुलूप लावल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

विमान जमिनीवरून निघालं तेव्हा नागमोडी चाललं होतं. का, ते मला मग कळलं. समोरचं चाक हातात असलं तरी जमिनीवर वळायचं पायांनी; पॅडल दाबली की नाक वळतं, तीच पॅडल बोटांनी वरच्या बाजूला दाबली की ब्रेक. हातातलं चाक कितीही फिरवा, विमान ढिम्म. गाडी-स्कूटर चालवलेल्या प्रत्येकाची इथे फजिती होते; आयुष्यभर कमावलेले हात एकदम निरुपयोगी. मग ते धावपट्टीच्या टोकाला उभं राहिलं, इंजिनाचा आवाज वाढला, पळायला लागलं आणि ताशी 93 किलोमीटरला नाक वर उचललं. मध्यरात्री गायमुखच्या घाटात डंपर याच वेगाने उतरतात. देवाच्या कृपेने त्यांना पंख नाहीत.

वर काय घडलं ते तिने नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्याने, चार-पाच फोनमध्ये. सुरुवातीला तिने चाक असं आवळलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली. विमान वरखाली व्हायला लागलं. जितकं वरखाली होई तितकं ती आवळे. सर काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि तिच्या बोटांत अडकवली, मधल्या बोटाच्या वरून, बाजूच्या दोन बोटांच्या खालून. आता मूठ आवळली की पेन्सिल टोचणार. मग त्यांनी चौकटीखालचं एक छोटं दातेरी चाक थोडंसं फिरवलं आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीवर ठेवले. ‘‘तूही सोड,’’ म्हणाले.

तिने सोडलं. विमान सरळ चालत राहिलं. नीट जुळवलेलं असं विमान स्वतःहून सरळ जातं. नाक थोडं खाली गेलं तर तेच सावरून वर येतं. ‘‘मामा, इतका वेळ ते उडत होतं आणि मी त्याला अडवत होते,’’ ती म्हणाली. खिडकीतून पांझरा दिसत होती, नकाणे तलावावर ऊन पडलं होतं, शेतांचे चौकोन होते. तिने हे सगळं पहिल्यांदा पाहिलं ते पेन्सिल टोचायची थांबल्यावर.

नियंत्रण देण्याघेण्याची त्यांची रीत मला विशेष पसंत पडली. सर म्हणणार, ‘यू हॅव कंट्रोल.’ ती म्हणणार, ‘आय हॅव कंट्रोल.’ मग सर पुन्हा एकदा ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणून हात काढणार. उगाच दोघंही समजतायत की दुसरा चालवतोय, किंवा दोघंही आपापल्या बाजूला ओढतायत, असं व्हायला नको. मी हे ताईच्या स्वयंपाकघरात सांगितलं तेव्हा तिथे जरा शांतता पसरली. ओट्यावरची सत्ता ताईकडे आहे की तिच्या सासूबाईंकडे, हे पंचवीस वर्षांत एकदाही कुणी असं तीनदा स्पष्ट उच्चारलेलं नाही. आमटीत दोघींनी मीठ घातलेलं मी जेवलो आहे.

पण सगळ्यात अवघड धडा पुढे होता. त्याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही. इंजिन छान चालू असतानाही तो होतो. नाक फार वर उचललं आणि वेग कमी झाला की पंखावरून सुरळीत वाहणारी हवा सुटते, पंखाची उचल जाते. त्याआधी तो किरटा भोंगा वाजायला लागतो. मग विमान थरथरतं आणि नाक खाली पडतं. समोर आभाळ होतं तिथे एकदम धुळे जिल्हा येतो. अशा वेळी कुठल्याही शहाण्या माणसाचे हात एकच गोष्ट करतात : चाक स्वतःकडे ओढतात. नाक वर घ्यायला. आणि नेमकं त्यानेच स्टॉल आणखी वाढतो. करायचं असतं ते उलट. ज्या बाजूला पडतोय असं वाटतं त्याच बाजूला चाक पुढे सोडायचं, पंखाला हवा मिळू द्यायची, वेग आला की अलगद सावरायचं.

सर मुद्दाम वर नेऊन हे पुन्हा पुन्हा करायला लावायचे. ती सांगायची, भोंगा वाजला की पोटात खड्डा पडतो, आणि कळत असूनही हात मागेच येतात. एक दिवस मात्र ती फोनवर म्हणाली, ‘‘आज भोंगा वाजला आणि मी ओढायच्या आधी ढकललं. भीती वाटलीच रे. पण हात तिला विचारायला थांबले नाहीत.’’ मी ते वाक्य ताईला सांगितलं नाही. तिला त्यातला फक्त ‘भोंगा’ ऐकू आला असता.

ताईचं इकडे वेगळंच चाललं होतं. ती रोज पहाटे साडेपाचला उठून मोबाइलवर धुळ्याचं हवामान बघायची आणि सहाला लेकीला फोन लावायची. वारा ताशी किती, ढग आहेत का, दूध प्यायलीस का. एकदा मुलीने उचलला नाही तर तिने सरळ सरांना लावला. सरांनी अत्यंत नम्रपणे सांगितलं, की ताई, ती विमानाचे टायर तपासतेय. या वयाच्या आईला कसं सांगायचं की काही पडतंय असं वाटलं तर पुढे सोड, मागे ओढू नकोस? तिच्या हातात कुणी पेन्सिल अडकवणार? दाजी एकदा म्हणाले, ‘‘टाटांनी कराचीचं ते उड्डाण 1982 साली 78 व्या वर्षी पुन्हा केलं. त्यांची आई नव्हती ना तेव्हा फोन करायला.’’ त्या दिवशी दाजींना रात्री खिचडी मिळाली.

मग सोलो आला. पहिल्यांदा एकटीने उडायचा दिवस आधी सांगत नाहीत. सांगितला तर रात्रभर झोप कोण घेणार? नेहमीप्रमाणे दोघांनी दोन-तीन फेऱ्या मारल्या, उतरले, आणि धावपट्टीवरून बाहेर आल्यावर सरांनी इंजिन चालू असतानाच आपला पट्टा सोडला. ‘‘एक फेरी मारून ये,’’ म्हणाले, दार लावलं, ओढून पाहिलं आणि चालायला लागले. भाची म्हणते, तिने सवयीने उजवीकडे पाहिलं तर तिथे रिकामी सीट आणि नीट घडी करून लावलेला पट्टा. तिने यादी मोठ्याने वाचली. ऐकायला कोणी नव्हतं तरी वाचली. विमान पळालं आणि ठरलेल्या जागेच्या पुष्कळ आधीच टुणकन वर उठलं. सर अंगाने भरलेले. त्यांचं वजन उतरल्यावर 110 हॉर्सपॉवरला जणू सुट्टी लागली होती. चारी वळणं झाली, रेडिओवर तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. उतरताना एक छोटी उडी मारली, ती मी इथे नोंदवणार नाही असं वचन दिलं होतं. खाली आल्यावर रिवाजाप्रमाणे तिच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतण्यात आलं.

फोन आला तेव्हा मी ताईकडेच होतो. ताई भाजी निवडत होती. तिने फोन स्पीकरवर टाकला.

‘‘आई, मी आज एकटीने विमान उडवलं!’’

‘‘एकटीने म्हणजे?’’

‘‘म्हणजे एकटीने. विमानात दुसरं कुणीच नव्हतं.’’

ताईचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. ‘‘आणि सर?’’

‘‘सर खाली उभे होते.’’

‘‘खाली?’’ ताई म्हणाली. ‘‘मग एवढे लाखांनी पैसे कशाचे घेतात ते?’’